रिकामी गाडी का गुणगुणते? चोपड्यातल्या एका ट्रकच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज आटोपली आणि गाडी पहिल्या खेपेला गेली. केळी भरून इंदूर, येताना रिकामी. काल रात्री परत आली. ड्रायव्हरने किल्ली हातात देता देताच सांगितलं, "भाऊ, मांगे काहीतरी वाजस. बिजासनना घाटमा त जास्तीच."

सकाळी मी स्वतः हातेडपर्यंत चालवून आणली. चाळीसच्या पुढे काटा गेला की केबिनच्या तळातून घूंऽऽ असा आवाज उठतो. कानापेक्षा तळपायाला आधी कळतो. पन्नासच्या पुढे कमी होत जातो. शिवाय अंगणात वळवताना बारीक करकर, चिमणीच्या पिल्लासारखी. आणि रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडला की ठक्क. म्हणजे तीन आवाज. ते एकाचेच की तिघांचे, माहीत नाही.

वही घातली आहे ती मुद्दाम. दोन वर्षांपूर्वी असाच आवाज आला होता. चौघांनी सांगितलं म्हणून क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळा सेट बदलला, आणि आवाज निघाला सायलेन्सरच्या क्लॅम्पचा. तो जुना सेट अजून माळ्यावर आहे. बायको दर दिवाळीच्या साफसफाईत त्याच्याकडे बोट दाखवते. यंदाही दाखवलं.

८ नोव्हेंबर

आज चार जणांना ऐकवलं. शिरपूर रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिलं, पिनियनच्या सीलभोवती तेलाची ओल दिसली. लगेच निकाल: पिनियन ढिली, क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधली, चाकं फिरवणारी दातेरी जोडी) गेली. दुसऱ्याने सेंटर बेअरिंग सांगितलं, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा फिरता शाफ्ट मधे पेलणारं. तिसरा म्हणाला गिअरबॉक्स खाली घ्या, मग बघू. चौथा टायरचं दुकान चालवतो, त्याचं मत टायर.

दुपारी कामासाठी जळगावला गेलो होतो, तेव्हा अजिंठा चौफुलीला पार्टच्या दुकानात भाव विचारला. क्राउन-पिनियनचा सेट तेवीस हजार, बेअरिंगं आणि सील वेगळे. सेट एकच शिल्लक आहे म्हणाला, आणि माझी घाई बघून दोन हजार इसार घेऊन ठेवला. घरी येईपर्यंत पस्तावलो. उतारावर वाजतं म्हणजे पिनियन, हे मीही अर्धवट मानूनच गेलो होतो. उतारावर इंजिन गाडीला मागे ओढतं, तेव्हा क्राउनच्या दातांवर उलट्या बाजूने जोर येतो आणि झिजलेली जोडी तिथे रडते, हे खरंच आहे. पण बिजासनला उतारावर आवाज आला म्हणजे उतारामुळेच आला, हे कोणी तपासलं?

१० नोव्हेंबर

आप्पांकडे गेलो. एस.टी.च्या कार्यशाळेत आयुष्य गेलेलं, आता निवृत्त. ओसरीत कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजणं चाललं होतं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"भरेल गाडी वाजस का?"

मला उत्तर देता येईना. तिथूनच ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, जाताना दहा टन माल होता, घाट चढताना, उतरताना, सपाटीला, कुठेच नाही. इंदूरला गाडी खाली केली आणि परतीला लागलो तिथपासून सुरू.

आप्पा हसले. म्हणाले, पिनियनचं दुखणं असतं तर दहा टनाखाली ती ओरडली असती आणि रिकामी असताना गप्प बसली असती. हे उलट चाललंय. रिकाम्या गाडीत आणि भरलेल्या गाडीत मागे काय बदलतं ते बघ. पाटे बदलतात. माल भरला की पाटे दबतात, चेसिस खाली बसते, शाफ्ट जवळजवळ सरळ होतो. रिकामी झाली की चेसिस उचलली जाते आणि शाफ्ट तिरपा होतो.

भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊनच सोडलं. पार्टवाल्याला फोन केला: सेट ठेवा, पण आठवडाभर मी येत नाही.

१२ नोव्हेंबर

तपासायच्या आधी धुवायचं, हे आप्पांनी बजावलं होतं. ऑक्टोबरात परतीच्या पावसात गाडी केळीच्या बागेत बांधापर्यंत घातली होती. आपली काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की सिमेंट होते. मागच्या शाफ्टच्या एका अंगाला हाताच्या तळव्याएवढा, अंगठ्याइतका जाड थर निघाला. एका बाजूला असं वजन घेऊन फिरणारा नळा थरथरणारच. प्रेशरने सगळं धुतलं, तारेच्या ब्रशने नळा घासला. बॅलन्सिंगसाठी कंपनीत वेल्डिंग केलेल्या लोखंडी पट्ट्या जागेवर आहेत, एकही उडालेली नाही. नळ्याला कुठे चेमटा नाही.

धुताना आणखी एक सापडलं. क्राउन-पिनियन ज्यात असते त्या हाउसिंगवरच्या ब्रीदरच्या (हवा सुटायच्या नळीच्या) टोपणात मातीची गोळी घट्ट बसली होती. ब्रीदर बंद झाला की गरम हवेला वाट राहत नाही, आतला दाब वाढतो आणि तेल सीलच्या ओठातून बाहेर येतं. ज्या ओलीवरून पिनियन ढिली ठरवली होती, तिचं हे दुसरं कारण निघालं. ब्रीदर पेट्रोलने धुतला, तोंडाने फुंकून पाहिला, बसवला. सील कोरडा पुसून बाजूला खडूने तारीख लिहिली.

धुऊन चालवली. घूंऽऽ थोडा कमी, पण आहेच. करकर तशीच.

१४ नोव्हेंबर

आज शिरपूर बायपासच्या पुढे, चौपदरीवर, पहाटे साडेपाचला. गाडी रिकामी. ड्रायव्हर चालवणार, मी शेजारी वही घेऊन.

पहिली गोष्ट गिअरची. ४५ ला पाचव्यात आवाज. तोच ४५ चौथ्यात ठेवला: इंजिन जास्त फिरतंय, ओरडतंय, पण घूंऽऽ चा सूर तोच, ना वर ना खाली. इंजिनचा किंवा क्लचचा असता तर इंजिनबरोबर चढला असता. आमच्या गाडीत पाचवा गिअर सरळ आहे, म्हणजे तेव्हा इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. फक्त पाचव्यात ऐकून इंजिन की शाफ्ट हे सांगताच येत नाही. गिअर बदलूनच त्यांना वेगळं करावं लागतं.

दुसरी गोष्ट न्यूट्रलची. सपाट, मोकळा रस्ता, मागेपुढे कोणी नाही, तेव्हा ५५ वरून न्यूट्रल. इंजिन चालूच. बंद करून घरंगळवायचा प्रकार करायचा नाही. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो आणि स्टिअरिंगचा पंपही. न्यूट्रलमध्येही ४८ ला आवाज आला, ४२ ला गेला. इंजिन फक्त आयडलवर. गिअरबॉक्स खाली घ्या म्हणणाऱ्यांचा मुद्दा बराचसा इथे संपला. पूर्ण नाही, कारण गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट न्यूट्रलमध्येही चाकांबरोबर फिरतोच.

तिसरी गोष्ट जोराची. ४५ ला ॲक्सिलरेटर दाबून, मग पाय काढून, मग नुसता तोलून. तिन्ही वेळा सारखाच. क्राउन-पिनियनचा आवाज जोर बदलला की बदलतो. दाबल्यावर एक, सोडल्यावर दुसरा. हा ढिम्म.

चौथी गोष्ट, लेन बदलून डावी-उजवी हेलकावे, अगदी हळू. हब बेअरिंग असेल तर ज्या बाजूला भार पडतो तिथला आवाज वाढतो. उजवीकडे वळताना डावं चाक दबतं, तो वाजला तर डावा. फरक नाही. जुन्या डांबरावरून नव्या डांबरावर आलो तेव्हा टायरची सळसळ बदलली, घूंऽऽ नाही. टायरवाल्याची माफी मनातल्या मनात मागितली, कारण त्याच्याबद्दल मी वाईट बोललो होतो.

परत येताना अनेर नदीच्या पुलाशी चहा. ड्रायव्हर म्हणतो, एवढ्या वेळेत सेट बसवून झाला असता. झाला असता, आणि मग तेवीस हजारांचा सेट घालून आम्ही परत इथेच आलो असतो.

१५ नोव्हेंबर

आकडे मांडले. टायर ९.००-२०. खडूची खूण करून चाक एक फेरा लोळवलं, टेपने ३ मीटर १२ सेंटिमीटर. ४५ चा वेग म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला ४ फेरे. हाउसिंगवर पाटी आहे ७/४१: पिनियनला ७ दात, क्राउनला ४१. म्हणजे चाकाचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे ५.८६ होतात. ४५ ला शाफ्ट सेकंदाला साधारण साडेतेवीस फेरे फिरतो.

आता कोण कसा बोलेल? चाकाचा दोष सेकंदाला ४ वेळा. तो गुणगुणत नाही, धप्‌धप् करतो. शाफ्टचं बॅलन्स गेलं असेल तर २३-२४. क्रॉसच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाशी असलेल्या चौफुलीसारख्या सांध्याच्या, कोनाचा दोष असेल तर त्याच्या दुप्पट, ४७. क्राउन-पिनियनचे दात चार गुणिले एक्केचाळीस, १६४. सहा सिलिंडरचं इंजिन फेऱ्याला तीन वेळा पेटतं, म्हणजे पाचव्यात ४५ ला सत्तर. कोणाचाच आकडा कोणाशी जुळत नाही. हे फार बरं झालं.

भाच्याच्या मोबाइलवर आवाजाचा आलेख काढणारं फुकटचं ॲप आहे. संध्याकाळी अडावदच्या रस्त्याला तो मागच्या सीटवर मोबाइल धरून बसला. ४५ ला सगळ्यात उंच खांब ४७ वर. ५० केल्यावर ५२ वर सरकला. चौथ्यात टाकला तरी ४७ चा ४७ च. इंजिनचा खांब मात्र गिअर बदलताच उडी मारून पुढे गेला. १६४ च्या जागी बारीकसा उंचवटा आहे, नाही असं नाही.

४७ म्हणजे शाफ्टच्या फेऱ्याला दोनदा. आप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "आते क्रॉसकडे पहाय."

क्रॉसचा जॉइंट तिरप्या कोनात फिरताना पुढचा योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा चिमटा) एका चालीने फिरला तरी मागचा एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे राहतो. मागच्या टोकाचा क्रॉस नेमकं उलटं करून तो हिशोब फेडतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. ती रेषा बिघडली तर फेडायचं राहतं आणि पोटात गोळा उठल्यासारखी गाडी गुरगुरते. कोन जितका जास्त तितकी गुरगुर जास्त. भरलेल्या गाडीत ती का नव्हती, तेही इथेच आलं.

२० नोव्हेंबर

मधले चार दिवस गाडीला मक्याचं भाडं होतं, धुळ्याला दोन खेपा. भरून शांत, रिकामी गुणगुण. सील पुसल्यापासून साडेचारशे किलोमीटर झाले, खडूच्या तारखेपर्यंत ओल आलेली नाही.

आज मतदान. गॅरेजं बंद, रस्ता मोकळा. सकाळी बोटाला शाई लावून आलो आणि आप्पांना मोटरसायकलवर बसवून आणलं. आज करकर मोजायची.

रीत सोपी. मागच्या चाकावर खडूची रेघ. गाडी पहिल्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. अशी ती माणसाच्या चालीने जाते. मी चाकाशेजारून चालत चाकाचे फेरे मोजायचे, आप्पांनी पलीकडून करकर मोजायची. मार्केट यार्डाच्या मागच्या मोकळ्या मैदानात भिंतीजवळून नेली, कारण भिंत आवाज परत फेकते आणि बारीक आवाजही ऐकू येतो. चाकाचे दहा फेरे झाले तेव्हा आप्पांची मोजणी ५८. परत केलं, ५९. हिशोबाने शाफ्टचे ५८.६ व्हायला हवेत.

करकर चाकाची असती तर दहा आली असती. ब्रेक ड्रमची, हबची, एक्सलची, सगळ्यांची दहा. ती शाफ्टची आहे, फेऱ्याला एकदा. ड्रायव्हर आतून ओरडून विचारत होता, किती झाले, किती झाले. त्यालाही आता मजा यायला लागली होती.

मग गाडी सपाटीला उभी केली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. आप्पा वय विसरून खाली शिरले. पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) धरून आधी वर-खाली हलवला, मग आत-बाहेर. हलला नाही. फिरवून पाहिला तर थोडा खेळ आहे. तेवढा क्राउन-पिनियनला लागतोच. फिरण्याचा खेळ आणि उचलण्याचा खेळ यात लोक गफलत करतात म्हणाले. उचलला जाणारा फ्लँज म्हणजे बेअरिंग गेलं, आणि हा उचलला जात नाही. सेंटर बेअरिंगचं रबर शाबूत. यू-बोल्टचे नट टॉमी लावून पाहिले, घट्ट.

मागच्या क्रॉसपाशी येऊन थांबले. "आठेच से." टॉर्च मागितला. क्रॉसच्या चार टोकांवर सुयांच्या बेअरिंगच्या कटोऱ्या असतात, त्या चारांपैकी एकीच्या काठाला गेरूसारखी लाल पूड. बोटाने पुसली, बोट लालसर झालं. आत ग्रीस संपलं की सुया कोरड्या घासतात, गंजतात आणि तो गंज असा पीठ होऊन बाहेर येतो. मी ग्रीस गन लावली. दाबलं तसं तीन कटोऱ्यांच्या सीलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर आलं, मग नवं पिवळं. चौथीतून काही नाही. आणखी दाबलं, तरी काही नाही. दर सर्व्हिसिंगला ग्रीस मारल्याची नोंद आहे, आणि ती खोटी नाही. ग्रीस मारलं होतं, ते चौथ्या कटोरीपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. मारणाऱ्याने चारही तोंडं बघायला हवी होती. मारणारा बहुतेक वेळा मीच.

करकर सापडली, ठक्क चं कारणही बहुतेक हेच. पण घूंऽऽ?

२१ नोव्हेंबर

रात्री झोपेत तेच. एक कोरडी कटोरी करकरेल, ठोकेल, पण ४७ चा एवढा मोठा खांब? सकाळी परत खाली शिरलो. मागच्या शाफ्टच्या मागच्या योकचे दोन कान सरळ वर-खाली येतील अशी गाडी इंचभर पुढे-मागे केली. मग त्याच शाफ्टच्या पुढच्या टोकाला पाहिलं. पुढच्या योकचे कान सरळ नाहीत. मान कलती केलेल्या माणसासारखे एका अंगाला झुकलेले.

डोळ्यावर विसंबलो नाही. मोबाइलमधलं लेव्हल ॲप कटोरीच्या तळावर टेकवून मागचा कोन घेतला, मग पुढचा. फरक बावीस ते तेवीस अंश. स्लिप जॉइंट म्हणजे नळ्यावर मागेपुढे सरकणारी बाही. तिच्या स्प्लाइनचे (लांब खाचांचे) दात मोजले, सोळा. तीनशे साठला सोळाने भागलं की साडेबावीस. एक दात चुकलेला.

स्प्लाइनच्या बाहीवरचा रंग आणि चिकट माती रॉकेलच्या फडक्याने पुसत गेलो. बाहीवर ठोकलेला बाण निघाला. नळ्यावरही बाण निघाला. दोघांची तोंडं एकमेकांसमोर हवीत, ती करंगळीभर अंतराने चुकलेली.

मागचा पट आठवला. सप्टेंबरात गुजरातच्या रस्त्यावर गाडी क्लचने अडली होती, तेव्हा वाटेतल्या गॅरेजात गिअरबॉक्स उतरवला होता. शाफ्ट पूर्ण खाली काढला, तो दोन तुकड्यांत निघाला आणि रात्री टॉर्चच्या उजेडात परत घातला. कोणी बाण पाहिले नाहीत. स्प्लाइन कुठल्याही दातावर बसते, अडत नाही, त्यामुळे चूक हाताला कळत नाही. पण सप्टेंबरपासून आवाज का नव्हता? ड्रायव्हरला विचारलं. म्हणाला, असेल. पावसाळ्यात खड्डे एवढे की चाळीसच्या पुढे गेलोच कधी?

एक सावधगिरी लिहून ठेवतो. आमच्या शाफ्टचे दोन तुकडे आहेत, मधे सेंटर बेअरिंग. मी ताळमेळ पाहिला तो एकाच तुकड्याच्या दोन टोकांचा, आणि खात्री केली ती बाणांवरून. पुढचा तुकडा मागच्याशी कोणत्या कोनात बसवायचा हे कंपनी ठरवते, सगळ्या गाड्यांत ते सारखं नसतं. तिथे आपल्या अकलेने सरळ रेषा करायला जायचं नाही.

२३ नोव्हेंबर

ड्रायव्हर आणि आप्पा दोघांचं म्हणणं पडलं, शाफ्ट उतरतोच आहे तर नवा क्रॉसही आजच टाकू, एका कष्टात दोन कामं. बरोबर आहे त्यांचं, पण मी अडून बसलो. दोन्ही एकदम केली आणि आवाज गेला तर कशाने गेला हे मला कधीच कळणार नाही. एका जादा उतरवणीचे कष्ट माझे. आप्पा पुटपुटले, तुझ्यासारखे दोन गिऱ्हाईक असते तर एस.टी. बंद पडली असती.

फ्लँजवर आधी सेंटर पंचाने खुणा, मग चार नट. शाफ्ट दोघांनी पेलून उतरवला, तसा जड असतो. बाही बाहेर ओढली. स्प्लाइनचे दात चांगले आहेत, पायरी पडलेली नाही. बाण समोरासमोर आणून बाही आत ढकलली. सरकताना ग्रीसचा फस्‌ आवाज. परत चढवला. जुना क्रॉस, लाल पूड असलेला, तोच. नव्या पार्टचा खर्च शून्य.

संध्याकाळी निकालाच्या मिरवणुका, फटाके, रस्ता तुंबलेला. चाचणी उद्या.

२४ नोव्हेंबर

पहाटे, तोच रस्ता, तोच मोबाइल, भाचा त्याच सीटवर. ३५, ४०, ४५. ड्रायव्हरने पंचेचाळीसला गाडी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. काही नाही. केबिनमध्ये इंजिन, वारा आणि मागच्या फाळक्याची खडखड. ४७ चा खांब एवढासा, आजूबाजूच्या गवतात हरवलेला. न्यूट्रलला टाकून पाहिलं, तेच.

मैदानात वळवली, करकर आहे. क्लच सोडला, ठक्क आहे. म्हणजे घूंऽऽ चा क्रॉसशी संबंध नव्हता आणि करकरीचा बाणांशी नव्हता. हे वेगळं वेगळं कळलं म्हणून अडून बसल्याचं काही वाटत नाही.

२७ नोव्हेंबर

क्रॉस बदलला. जळगावला गेलो नाही. चोपड्यातच मिळाला, पण जुना हातात घेऊन गेलो, आणि कटोरीचा व्यास व दोन कटोऱ्यांमधली लांबी व्हर्नियरने मापून घेतली. एकाच मॉडेलला वर्षानुसार दोन माप येतात. १,१५० रुपये, सर्क्लिप धरून.

जुनी कटोरी काढली ती व्हाइसमध्ये दाबून, हातोड्याने योकवर घाव न घालता. आत सुयांच्या जागी लाल भुकटी आणि पाच-सहा बारीक काड्या. क्रॉसच्या त्या टोकाला सुयांनी रांगेने चर पाडलेत, नख अडकतं. बाकी तीन टोकं आरशासारखी. ग्रीसच्या भोकात तार घातली तर चौथ्या वाटेत कडक झालेलं मेण निघालं. नवीन बसवताना सुया ग्रीसमध्ये चिकटवून ठेवल्या. एक सुई आडवी पडली की कटोरी शेवटपर्यंत बसत नाही आणि माणूस हातोडा शोधायला लागतो. बसल्यावर गन मारली, चारही तोंडांतून ग्रीस आलं. आप्पांनी चारही बोट लावून पाहिली.

करकर गेली. ठक्क निम्म्यावर आली. उरलेली दातांच्या खेळाची असेल.

२ डिसेंबर

केळी घेऊन इंदूर, परत रिकामी. मी मुद्दाम बरोबर गेलो. येताना बिजासनच्या उतारावर तिसऱ्यात, इंजिनवर धरून, खिडकी उघडी ठेवून ऐकलं. घूंऽऽ नाही. पण कान देऊन ऐकलं की एक बारीक, शिट्टीसारखा सूर आहे, फक्त पाय काढल्यावर. भाच्याच्या ॲपवर दातांच्या जागी तो उंचवटा. हाच खरा पिनियनचा आवाज, आणि तो बहुतेक गाडी घेतल्यापासून आहे. गुरगुरीखाली झाकला होता.

५ डिसेंबर

हाउसिंगचं तेल बदललं, ईपी १४०. गाडी चालवून गरम आहे तोवर सोडलं. जुनं तेल पांढऱ्या घमेल्यात घेऊन उन्हात धरलं: काळं, पण चमकी नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काजळासारखा करडा लेप, बोटांत चोळला तर मऊ. कण, पापुद्रे, टोकदार काही नाही. असा लेप येणारच. टोचणारं काही आलं असतं तर आजच हाउसिंग उघडलं असतं. नवीन तेल भरताना भोकाच्या काठाशी बोट लावून पातळी पाहिली. त्या बारीक सुराची नोंद पाय काढल्यावर, ४५ ला, आलेखाच्या फोटोसह. पुढच्या तेलाला पुन्हा चुंबक आणि पुन्हा फोटो, तोवर पार्ट नाही.

दुपारी जळगावच्या दुकानदाराचा फोन. सेटला दुसरं गिऱ्हाईक आलंय, देऊ का? म्हटलं, द्या. इसार परत करायला तो कां-कूं करत होता. शेवटी ग्रीसची बादली, दोन सील आणि आजच्या तेलाचं बिल त्यात वळतं करून घेतलं. वर मलाच एकशे चाळीस द्यावे लागले.